दोष जोडात शोधावा : जुन्या गाडीच्या विजेविषयी प्रस्तावना

इंजिनाचे दुखणे बहुधा लपून राहत नाही. रिंगा गेल्या की निळा धूर येतो, हेड गॅस्केट उडाले की पाणी आणि ऑइल एक होते, बेअरिंग बोलू लागले की रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू येते. विजेचे दुखणे असे उघडे पडत नाही. काल संध्याकाळी उत्तम चाललेली गाडी आज सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसती ‘टक्’ करते, आणि बॉनेट उघडून पाहावे तर सगळे जागच्या जागी असते. तारा त्याच, फ्यूज शाबूत, बॅटरीत पाणी भरलेले. डोळ्यांना काहीच दिसत नाही म्हणून मग अंदाज सुरू होतो, आणि अंदाजाची पहिली शिकार नेहमी बॅटरी असते, दुसरी सेल्फ, तिसरी अल्टरनेटर. हे पुस्तक ज्या गाड्यांविषयी आहे त्यांच्यात संगणक नाही : कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० आणि पद्मिनी, उत्तरपाड्याची अँबेसेडर, महिंद्राच्या जीप, आणि डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली कार्ब्युरेटरची मारुती ८००. यांच्यापैकी एकीलाही स्कॅनर लावून बिघाडाचा नंबर वाचता येत नाही. तरीही त्यांच्यातला विजेचा दोष शोधण्याची एक पक्की रीत आहे, आणि ती एका साध्या गोष्टीवर उभी आहे. या गाड्यांत बिघाड बहुतेक वेळा वस्तूत नसून दोन वस्तूंमधल्या जोडात असतो, आणि जोडातला दोष गाडीवर भार असतानाच व्होल्ट मोजून सापडतो. पुढची सगळी प्रकरणे या एका विधानाचा विस्तार आहेत, म्हणून ते इथेच तपासून घेणे बरे.

करंटचा सबंध रस्ता डोळ्यांसमोर आणला तर हे विधान पटू लागते. बॅटरीच्या धन खांबावरून निघालेला करंट हेडलाइटपर्यंत पोहोचायला क्लॅम्प, लग, सोलेनॉइडचा बोल्ट, डॅशबोर्डामागचा स्विच, डिपर, फ्यूज असल्यास त्याच्या दोन पाकळ्या, रेडिएटरजवळचा कनेक्टर आणि बल्बच्या होल्डरची पिन एवढे टप्पे ओलांडतो. परत येताना त्याला वेगळी तार नसते, गाडीचा पत्राच त्याची परतीची तार. म्हणजे होल्डरचा अर्थिंगचा स्क्रू, मडगार्ड आणि बॉडी जिथे बोल्टने एकत्र येतात ती जागा, आणि शेवटी बॅटरीच्या ऋण खांबाची पट्टी, हेही त्याच रस्त्यातले जोड. तांब्याची तार इन्सुलेशनच्या आत चाळीस वर्षे सहज टिकते. टिकत नाही ते तिचे टोक. तिथे तांबे उघडे पडते, पितळेच्या नाहीतर लोखंडाच्या संगतीत येते, आणि दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये ओल शिरली की गंज धरायला वेळ लागत नाही. मुंबई, कोकण, गोवा इथल्या खाऱ्या हवेत हे काम आणखी भराभर होते. बॅटरीच्या खांबावर जी पांढरी-हिरवट भुकटी जमते ती आम्लाची करणी, आणि ती क्लॅम्पच्या आतल्या बाजूलाही असते, जिथे नजर पोहोचत नाही. त्यात माणसाच्या हाताची भर पडते. गाडी डेंटिंग-पेंटिंगला गेली की अर्थिंगचे बोल्ट निघतात, पत्र्यावर छान गुळगुळीत रंग बसतो आणि तेच बोल्ट त्या रंगावरून आवळले जातात. रंगातून करंट जात नाही. नवी कोरी दिसणारी गाडी रंगकामाहून परतल्यावर लाइटांच्या तक्रारी सांगू लागते, त्यामागे बहुधा हेच असते.

आता प्रश्न असा की खराब जोड इतका त्रास देतो, तर मग लाइट लख्ख लागतात आणि सेल्फ मात्र फिरत नाही, असे का घडते? इथे ओहमचा नियम कामी येतो. जर्मनीतल्या गेओर्ग ओहम या शिक्षकाने १८२७ साली तो छापला. तो सांगतो की एखाद्या जोडात वाया जाणारे व्होल्ट म्हणजे त्या जोडाचा रोध गुणिले त्यातून जाणारा करंट. समजा बॅटरीच्या क्लॅम्पखाली गंजामुळे ओहमचा फक्त शंभरावा भाग एवढा रोध तयार झाला. पार्किंग आणि टेल लाइट मिळून दोनेक अँपिअर घेतात, तेव्हा त्या जोडात ०.०२ व्होल्ट जातात आणि कुणाला कळतही नाही. साठ वॅटचे दोन हेडलाइट दहा अँपिअर घेतात, तेव्हा ०.१ व्होल्ट जातो. तोही डोळ्यांना जाणवत नाही. पण पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभर ते दोनशे अँपिअर ओढतो. दीडशे धरले तरी त्याच जोडात दीड व्होल्ट खलास, आणि असे दोन जोड असतील तर तीन व्होल्ट. बाराच्या बॅटरीवर भार पडून साडेदहा राहिलेले असतात, त्यातून तीन गेले की सेल्फच्या वाट्याला साडेसात येतात. तो कण्हतो आणि थांबतो. मालक म्हणतो, लाइट तर लागतायत, हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी ठीक, म्हणजे सेल्फच गेला. हा तर्क ऐकायला बिनतोड वाटतो, पण लाइट लागले एवढ्यावरून मुख्य तारेचा जोड निर्दोष ठरत नाही, कारण लाइटांनी त्या जोडाची परीक्षा घेतलेलीच नाही. मीटर ओहमवर लावून पाहणाऱ्याचीही अशीच फसगत होते. साध्या डिजिटल मीटरवर सर्वांत बारीक आकडा ०.१ ओहमचा असतो आणि त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त. ओहमचा शंभरावा भाग त्याला दिसणारच नाही. केबलच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असली तरी मीटर ‘पीं’ करून ती शाबूत असल्याचा दाखला देतो.

म्हणून मोजायचे ते व्होल्ट, आणि तेही काम चालू असताना. सेल्फचे उदाहरण पूर्ण करून दाखवतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, कॉइलची लहान वायर काढून ठेवलेली, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर. पहिले माप बॅटरीच्या दोन शिशाच्या खांबांवर. क्लॅम्पवर टेकवायचे नाही, खांबाच्या डोक्यावरच. एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने आकडा वाचावा. समजा १०.४ आला. बॅटरी कामाची आहे. भाराखाली ती साधारण ९.६ च्या खाली घसरली असती तर आधी तिच्याकडे पाहावे लागले असते. दुसरे माप सेल्फच्या जाड तारेच्या बोल्टवर आणि सेल्फच्या अंगावर. समजा ८.१ आला. म्हणजे मधल्या रस्त्यात २.३ व्होल्ट कुठेतरी सांडले. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरी सेल्फच्या बोल्टवर धरून पुन्हा सेल्फ मारावा : ०.७. मग एक पिन ऋण खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर : १.६. बेरीज बरोबर जुळते, आणि मोठा दोष परतीच्या रस्त्यात आहे हे कळते, जिथे सहसा कुणी बघत नाही. परतीच्या रस्त्यावर पाव व्होल्टाच्या आत आणि धन बाजूला अर्ध्या व्होल्टाच्या आत गळती चालवून घ्यावी. मग १.६ चे तुकडे पाडायचे : खांब ते क्लॅम्प ०.१, क्लॅम्प ते बॉडीचा बोल्ट ०.२, बॉडी ते इंजिन १.३. झाले. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, त्याला बॉडीशी जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी खालच्या बाजूला ऑइलने आणि चिखलाने माखून काळी पडलेली असते. दीडशे अँपिअर आणि १.३ व्होल्ट म्हणजे जवळजवळ दोनशे वॅट उष्णता त्या पट्टीच्या टोकाशी निघत होती. हात लावला असता तर चटकाच बसला असता. पाच-दहा मिनिटांचे काम, एक पट्टी आणि थोडा पॉलिश पेपर. सेल्फ खोललाच नाही.

याला पहिला आक्षेप अनुभवाच्या बाजूने येतो, आणि तो वजनदार आहे. पुष्कळ गाड्यांचा सेल्फ बदलला आणि त्या सुरू झाल्या, पुष्कळांची बॅटरी बदलली आणि तक्रार मिटली, हे कुणीही मिस्त्री सांगेल. ते खोटे नाही. पण सेल्फ बदलताना नेमके काय काय घडते ते पाहा. बॅटरीचा क्लॅम्प काढला जातो, नंतर पुन्हा आवळला जातो. सेल्फच्या बोल्टवरचा लग निघतो, हाताशी पॉलिश पेपर असतो म्हणून घासलाही जातो. सेल्फचे अंग इंजिनाला जिथे टेकते तिथला मळ निघतो, आणि नवे अंग स्वच्छ धातूवर बसते. म्हणजे भाग बदलण्याच्या निमित्ताने चार जोड साफ झाले, आणि श्रेय गेले नव्या भागाला. जुना सेल्फ भंगारात गेला असल्याने तो खरेच बिघडला होता का, हे आता कधीच कळणार नाही. बॅटरीचेही तसेच. दुकानातून आलेली बॅटरी भरलेली असते, ती चार्जिंग होत नसतानाही काही दिवस सेल्फ फिरवते, आणि तेवढ्यात सगळ्यांची खात्री पटते की दोष जुन्या बॅटरीतच होता. महिन्याभराने तीच तक्रार परत आली की दोष नव्या बॅटरीच्या कंपनीवर जातो. भाग बदलून गाडी सुरू होणे हा निदानाचा पुरावा धरता येत नाही, कारण बदलण्याची क्रियाच जोडांवर उपचार करते. पुरावा हवा असेल तर आधी माप, मग जोड साफ, मग पुन्हा माप, आणि तरीही वस्तू काम करत नसेल तर वस्तू.

दुसरा आक्षेप असा की वस्तूही बिघडतातच. सेल्फचे कार्बन झिजतात, अल्टरनेटरचा डायोड उडतो, बॅटरीचा एखादा सेल मरतो. हे अगदी मान्य. या पुस्तकात त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत आणि ती असायलाच हवीत. मात्र इथेही जोड पाठ सोडत नाही, कारण कित्येकदा वस्तूला मारणारा जोडच असतो. चांगली भरलेली बॅटरी काही तास विश्रांती घेतल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरली. चालत्या इंजिनावर तिच्या खांबांवर साधारण १३.८ ते १४.४ मिळायला हवेत. ज्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर पोटात असतो आणि तिथलेच व्होल्ट पाहतो, तो स्वतःच्या टोकापाशी १४.२ राखून समाधानी राहतो. मधल्या गंजलेल्या जोडांत अर्धा-पाऊण व्होल्ट गेला तर बॅटरीपर्यंत १३.५ पोहोचतात. गाडी चालते, लाल दिवा विझतो, काही बिघडलेले दिसत नाही. पण बॅटरी कधीच पुरती भरत नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसत जाते आणि वर्षा-दीड वर्षात ती खरोखर मरते. तपासणारा म्हणतो बॅटरी गेली, आणि त्याचे म्हणणे खरेच असते. पण नवी बॅटरीही त्याच मार्गाने जाणार आहे. जाता जाता हेही सांगायला हवे की काही गोष्टी बिघाडासारख्या दिसतात पण बिघाड नसतात. डायनामोच्या गाडीत इंजिन मंद फिरत असताना चार्जिंगचा दिवा मिणमिणणे आणि हेडलाइट मंदावणे हा डायनामोचा स्वभाव आहे. त्या वेगाला तो पुरेसा करंट देऊच शकत नाही. अल्टरनेटरची सवय झालेला माणूस तिथे नसलेला दोष शोधत बसतो.

तिसरा आक्षेप मीटरबद्दलच आहे. ज्या पिढीने या गाड्या रस्त्यावर ठेवल्या तिच्यापैकी बहुतेकांकडे एक टेस्ट लॅम्प होता, दोन वायरींना जोडलेला साधा बल्ब, आणि त्यावर त्यांचे भागले. मग हा आकड्यांचा खटाटोप कशाला? या आक्षेपाकडे आदराने पाहिले पाहिजे, कारण टेस्ट लॅम्प एका बाबतीत डिजिटल मीटरहून शहाणा आहे. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे तो जोडावर थोडा तरी भार टाकतो. डिजिटल मीटर जवळजवळ काहीच ओढत नाही, म्हणून एका केसाएवढ्या तारेवर टिकलेल्या जोडापलीकडेही तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि नवशिक्याला चकवतो. बल्ब तिथे पिवळा पडून खरे सांगतो. एलईडीचे जे पेनासारखे टेस्टर आता मिळतात त्यांच्यात हा गुण नाही, आणि जुन्या गाडीवर ते बाळगण्यात अर्थ नाही. मिस्त्रीचा हातही मोजतोच : सेल्फ मारल्यावर जो जोड गरम लागतो तो दोषी, हे ज्ञान आकड्यांइतकेच पक्के आहे. प्रश्न उरतो तो मर्यादेचा. पावणेदोन अँपिअरवर जो जोड निर्दोष ठरतो तो दीडशे अँपिअरवर दगा देऊ शकतो, आणि बल्ब थोडा मंद आहे की डोळ्यांना तसे वाटते, हे उन्हात उभे राहून ठरवता येत नाही. अनुभव सांगतो आधी कुठे पाहावे. मीटर सांगतो की पाहिले ते बरोबर होते की नाही. दोन्ही एकाच हातात असले तर गाडीच्या नशिबाने असले, असे मी म्हणेन.

परतीच्या रस्त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सगळ्यांत चमत्कारिक वाटणाऱ्या तक्रारी तिथूनच निघतात. मागच्या लाइटाच्या एका डब्यात टेल, ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र असतात आणि तिघांचे अर्थिंग एकाच स्क्रूवर. तो स्क्रू गंजला की करंटला घरी जायला वाट उरत नाही, म्हणून तो दुसऱ्याच्या घरातून वाट काढतो. दिवसा डावा इंडिकेटर टाकला की करंट इंडिकेटरच्या बल्बमधून येतो, टेलच्या पाच वॅटच्या फिलामेंटमध्ये उलट्या दिशेने शिरतो, टेलच्या तारेने दुसऱ्या बाजूच्या टेलमध्ये, नंबर प्लेटच्या आणि पुढच्या पार्किंगच्या बल्बांत पोहोचतो आणि तिथून पत्र्यात उतरतो. परिणाम असा की इंडिकेटर जेमतेम तांबूस होतो, आणि टेल लाइट मात्र त्याच्या तालावर उघडझाप करतो. रात्री टेल लाइट चालू केला की त्या तारेत आधीच १२ व्होल्ट असतात, दोन्ही टोकांना सारखे व्होल्ट आले, मग करंट वाहणार कसा? मागचा इंडिकेटर पार मरतो. ब्रेक दाबावा तर मागच्या इंडिकेटरमधून वाट काढत पुढच्या इंडिकेटरपर्यंत मिणमिण पोहोचते. अशा गाडीत फ्लॅशर बदलला जातो, इंडिकेटरचा स्विच बदलला जातो, कधी ‘आत वायरिंग शॉर्ट झालीय’ म्हणून डॅशबोर्ड खाली येतो. एक जाड वायर घेऊन तिचे एक टोक डब्याच्या धातूला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण खांबाला टेकवले की क्षणात सगळे सुरळीत होते, आणि दोष एका स्क्रूपुरता उरतो. इंजिनाची पट्टी तुटली तर हाच खेळ मोठ्या प्रमाणावर होतो. सेल्फचा करंट चोकच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परतू लागतो, आणि केबल तापून तिचे आवरण वितळते. चोकची केबल वरचेवर जळते अशी तक्रार असेल तर केबल बदलण्याआधी इंजिनाच्या पट्टीकडे जावे.

हेडलाइटच्या बाबतीत चुकीच्या निदानाची किंमत पैशांहून मोठी असते, कारण तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून फार झपाट्याने घटतो. व्होल्ट दहा टक्क्यांनी कमी झाले की प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो, पंधरा टक्के गेले तर चाळीसच्या वर. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डावरच्या स्विचमधून आणि डिपरमधून जातो, रिले नसतो. चाळीस वर्षांच्या स्विचमध्ये एक-दीड व्होल्ट जाणे मुळीच अवघड नाही. घाटात दिसत नाही म्हणून मालक शंभर वॅटचे बल्ब टाकतो. त्याच जोडांतून आता दहाऐवजी सोळा अँपिअर जाऊ लागतात, वाया जाणारे व्होल्ट वाढतात, आणि जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्याने दुपटीहून जास्त होते. थोडा जास्त प्रकाश मिळतो, पण काही दिवसांनी स्विचचे प्लास्टिक वितळू लागते. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीची वायरिंग असलेल्या कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत अख्ख्या गाडीला दोनच फ्यूज असत आणि हेडलाइटला एकही नसे, हे लक्षात घेतले तर धोका कुठे पोहोचतो ते कळेल. साठ वॅटचाच बल्ब, बॅटरीवरून फ्यूजसह थेट आलेली जाड तार, दोन रिले आणि डब्याला स्वतंत्र अर्थिंग, एवढ्यावर मूळचा प्रकाश परत येतो आणि जुन्या स्विचवरचा बोजा उतरतो.

मग सगळी वायरिंगच नवी का टाकू नये, असा चौथा प्रश्न सहज पुढे येतो, आणि उत्साही मालक तो बहुधा निर्णय म्हणूनच सांगतात. कधी कधी ते योग्यच असते. इन्सुलेशन कडक होऊन तडकले असेल, उंदरांनी जागोजागी कुरतडले असेल, किंवा एकेका काळात म्युझिक सिस्टिम, दुसरा हॉर्न, सेंट्रल लॉक यांसाठी पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोड इतके झाले असतील की मूळ रस्ता सापडेनासा झाला, तर नवी हार्नेस टाकणेच शहाणपणाचे. पण नवी हार्नेस जुन्या स्विचला, जुन्या होल्डरला आणि जुन्याच रंगवलेल्या पत्र्याला जोडली जाते. परतीचा निम्मा रस्ता तिने बदलतच नाही. शिवाय बाजारात ठोक भावाने मिळणाऱ्या हार्नेसमध्ये तार मूळच्यापेक्षा बारीक आणि लग नीट न दाबलेले निघाले, तर नवे जोड जुन्यांपेक्षा वाईट ठरतात. आणखी एक नुकसान सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. लुकास पद्धतीत तारेचा रंग तिचे काम सांगतो : तपकिरी म्हणजे बॅटरीवरून थेट आलेली, पांढरी म्हणजे किल्लीनंतरची, हिरवी म्हणजे किल्ली आणि फ्यूज दोन्हींनंतरची, काळी म्हणजे अर्थिंग. हे रंग ठाऊक असले की नकाशा हाती नसतानाही अर्धी गाडी वाचता येते. मिळेल त्या रंगाच्या तारांनी नवी वायरिंग केली की पुढच्या माणसासाठी गाडी मुकी होते.

खरी अडचण मात्र या सगळ्यांहून वेगळी आहे, आणि तिला कुणाची बेपर्वाई म्हणणे अन्यायाचे होईल. गिऱ्हाईक वस्तूचे पैसे देते, शोधाचे देत नाही. नवा सेल्फ दाखवता येतो, त्याचे बिल होते, त्यावर गॅरंटी मिळते. दीड तास मापे घेऊन एक बोल्ट घासला, याचे बिल किती करायचे? मिस्त्रीने मागितले तर मालकाला ते लुबाडल्यासारखे वाटते. म्हणून मिस्त्री वस्तू बदलतो. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानेही तेच केले असते. हा व्यवहार बदलायचा तर मालकाला थोडे शिकावे लागेल, आणि हे पुस्तक मिस्त्रीइतकेच मालकासाठी लिहिलेले आहे. या गाड्या आता राहिल्या तरी किती, असेही कुणी विचारील. मुंबईची शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली, हे खरे. पण खासगी गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घेणारे लोक आहेत, आणि पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे स्वतंत्र नियमही केले. जसजसे सुटे भाग दुर्मीळ होत जातील तसतसे चांगला भाग भंगारात टाकणे महाग पडत जाईल. मूळच्या तांब्याच्या गुंडाळीचा एखादा डायनामो चुकीच्या निदानापायी गेला, तर तसा दुसरा कुठून आणणार?

या विधानाची हद्दही सांगितली पाहिजे. इग्निशनमध्ये ते अर्धेच लागू पडते. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट हा एक अर्थी जोडच आहे, चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर तो सेकंदाला शंभर वेळा उघडमीट करतो आणि मिटलेल्या अवस्थेत त्याच्यावरही गळती मोजता येते. पण कंडेन्सर ही खरी वस्तू आहे. तो तापला की हात टेकतो आणि थंड झाला की पुन्हा कामाला लागतो, म्हणून गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी निर्दोष झालेली असते. तिथे नवा कंडेन्सर लावून पाहणे हेच सरळ निदान, आणि तो स्वस्त असल्याने त्यात काही वावगे नाही. उभ्या गाडीत बॅटरी उतरत असेल तर तिथेही प्रश्न उलटा असतो. करंट अडला कुठे यापेक्षा निसटतो कुठे हे पाहायचे असते. डिकीचा पाच वॅटचा बल्ब लागलेला राहिला तर तो ०.४ अँपिअर खातो, आणि चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत कोरडी करतो. ऋण खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्ये अँपिअरवर लावलेला मीटर ठेवून एकेक फ्यूज काढत गेले की चोर सापडतो. ज्या गाडीत घड्याळ किंवा रेडिओ नाही तिथे तो आकडा शून्याच्या जवळच असला पाहिजे. मीटर तसा लावलेला असताना सेल्फ मात्र मारायचा नाही. त्याचा दहा अँपिअरचा फ्यूज तत्काळ उडतो.

या पद्धतीचा पुरता उपयोग होण्यासाठी एक काम बिघाड होण्याच्या आधी करावे लागते. गाडी सुरळीत चालू असताना पाच मापे घेऊन ठेवावीत : रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीचे व्होल्ट, सेल्फ मारताना बॅटरीचे, सेल्फ मारतानाच ऋण खांब ते ब्लॉक, इंजिन जरा वेगात असताना चार्जिंगचे, आणि हेडलाइट चालू असताना बल्बच्या पिनपाशी मिळणारे. तारखेसह एका कागदावर लिहून तो गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवावा, आणि दरवर्षी पावसाळा संपला की नवी ओळ भरावी. ऋण खांब ते ब्लॉक हा आकडा ०.१ वरून ०.२ आणि पुढच्या वर्षी ०.४ झालेला दिसला, तर सेल्फ अजून फिरत असतानाच इंजिनाची पट्टी काढून दोन्ही टोके धातू चमकेपर्यंत घासावीत, आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावावे आणि नवा आकडा त्याच ओळीत लिहावा.